वाचनालयासाठी 'कोहा' क्लाउड सर्व्हरवर बसवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या गावातली सार्वजनिक वाचनालयं, दोन-तीन महाविद्यालयांची ग्रंथालयं आणि एक शाळा, एवढ्या ठिकाणी कोहा बसवताना ग्रंथपालांनी आणि कार्यकारिणीच्या सदस्यांनी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. क्लाउड सर्व्हर म्हणजे एखाद्या कंपनीकडून भाड्याने घेतलेला, इंटरनेटवरून वापरायचा संगणक; पुढे त्यालाच 'यंत्र' म्हटलं आहे. आज्ञांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. सर्व्हरवर त्या रोमन लिपीतच टाइप करायच्या.

कोहा म्हणजे नक्की काय? आणि फुकट आहे म्हणजे त्यात काही गोम आहे का?

ग्रंथालयाचं सगळं कामकाज सांभाळणारी ही प्रणाली आहे. तालिका (म्हणजे पुस्तकांची यादी), देवघेव, सभासद, खरेदी, नियतकालिकं सगळं तिच्यात येतं. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ ग्रंथालय न्यासाची जुनी प्रणाली सन २००० उजाडल्यावर चालणार नव्हती. दुसरी विकत घेण्याऐवजी त्यांनी १९९९ मध्ये कॅटिपो कम्युनिकेशन्सकडून नवीन लिहून घेतली. जानेवारी २००० मध्ये ती कामाला लागली आणि मग त्यांनी ती सगळ्यांसाठी खुली केली. 'कोहा' हा माओरी भाषेतला शब्द, अर्थ भेट. त्या भेटीत परतफेडीची जाणीवही असते.

त्यामुळे गोम नाही, जबाबदारी मात्र आहे. परवाना जीपीएल, म्हणजे वापरा, बदला, दुसऱ्यांना द्या, कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत. पण सर्व्हरचं भाडं आणि देखभालीचा वेळ आपलाच.

वाचनालयातल्या संगणकावरच का नको?

चालतं. इंटरनेट अगदीच बेभरवशाचं असेल तर मीही तेच सुचवतो. पण मग पुस्तकांची यादी वाचकाला घरून दिसत नाही, आणि माझ्या मते कोहाचा निम्मा उपयोग तिथेच आहे. वाडीवरून एसटीने येणाऱ्या वाचकाला निघण्याआधीच मोबाइलवर कळलं की पुस्तक आत आहे की बाहेर गेलंय, तर त्याची एक खेप वाचते. शिवाय टेबलावरच्या संगणकाची हार्ड डिस्क एक दिवस जाणारच असते.

सर्व्हर केवढा घ्यायचा? खर्च किती?

पंचवीस-तीस हजार पुस्तकं आणि देवघेवीचे एक-दोन संगणक असतील, तर २ जीबी मेमरीचं यंत्र काठावर चालतं, ४ जीबीचं निवांत. २ जीबी घेतलं तर तेवढ्याच आकाराची स्वॅप फाइल (मेमरी कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) करा, नाहीतर शोधाची सगळी अनुक्रमणिका नव्याने बांधताना डेटाबेस मधेच बंद पडतो. डिस्कची चिंता नको, नोंदी मजकुराच्याच असतात. मुखपृष्ठांची चित्रं ठेवली तरी ५० जीबी खूप झाली.

२ जीबीच्या यंत्राला महिन्याला साधारण हजार-बाराशे रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी असं धरून अंदाजपत्रक करा. बऱ्याच कंपन्यांची केंद्रं मुंबईत किंवा बंगळुरूत आहेत. यंत्र तिथलंच निवडा. अमेरिकेतलं निवडलं तर प्रत्येक क्लिक अडखळल्यासारखी वाटते आणि काउंटरवरची व्यक्ती चार दिवसांत कंटाळून वहीकडे वळते.

सर्व्हर कोणाच्या नावावर घ्यावा? आमचे एक तरुण सदस्य स्वतःच्या कार्डावर घ्यायला तयार आहेत.

त्यांचे आभार माना, पण घेऊ देऊ नका. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

मी मदत केलेल्या एका वाचनालयाचा सर्व्हर असाच एका उत्साही सदस्याच्या कार्डावर होता. ते नोकरीसाठी परगावी गेले आणि त्यांचं कार्ड बदललं. बिल थकल्याच्या सूचना त्यांच्या जुन्या ईमेलवर जात राहिल्या, त्या कुणी उघडल्या नाहीत. ठरलेल्या मुदतीनंतर यंत्र पुसलं गेलं. दोष कंपनीचा नव्हता, तिने कळवलं होतं. चूक माझी होती, कारण खातं उघडताना शेजारी मीच बसलो होतो आणि मला हे सुचलं नाही. काउंटरवरच्या संगणकात अकरा दिवसांपूर्वीची प्रत सापडली. त्या अकरा दिवसांची देवघेव ग्रंथपाल बाईंनी सवयीने वहीतही लिहिली होती, म्हणून वाचलो. दोन दिवस बसून आम्ही ती परत भरली.

तेव्हापासून माझा आग्रह असा. खातं वाचनालयाच्या स्वतःच्या ईमेलवर असावं. तो ईमेल ग्रंथपाल आणि सचिव दोघांच्या फोनवर उघडा असावा. सर्व्हर, डोमेन (वाचनालयाचा वेबवरचा पत्ता) आणि ईमेल यांचे पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात घालून कपाटात ठेवावेत, आणि कार्यकारिणी बदलली की कार्यभार हस्तांतरणाच्या यादीत त्या पाकिटाची नोंद व्हावी. कपाटाच्या चाव्या आपण जशा सही घेऊन देतो, तसंच.

आणखी एक गोष्ट. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या ई-मँडेटच्या (आपोआप कपातीला आधी दिलेल्या संमतीच्या) नियमांमुळे परदेशी कंपन्यांची आपोआप होणारी कार्डकपात आपल्याकडे पुष्कळदा नाकारली जाते. जिथे आगाऊ रक्कम जमा ठेवता येते किंवा रुपयांत जीएसटी पावती मिळते, अशी सेवा निवडली तर हिशेबतपासनीसही खूश असतात. वर्षाची रक्कम एकदम भरता आली तर सर्वांत उत्तम.

प्रत्यक्ष बसवायला किती वेळ लागतो? पायऱ्या कोणत्या?

हात बसलेला असेल तर एक दुपार. पहिल्यांदा करणाऱ्याने दोन दिवस ठेवावेत आणि पहिलं यंत्र सरावासाठीच आहे असं धरून चालावं. बिघडलं तर मोडून नवीन करता येतं, क्लाउडची ती मोठी सोय आहे.

यंत्रावर डेबियन १२ ही लिनक्स कार्यप्रणाली घ्या. उबुंटू या दुसऱ्या लिनक्सच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्यांवरही कोहा चालतं, पण कोहाची माणसं स्वतः डेबियन वापरतात, त्यामुळे अडचणींची उत्तरं तिथलीच जास्त सापडतात. पहिलं काम यंत्राची वेळ आशिया/कोलकाता करण्याचं. हे राहिलं तर सकाळी दहाला दिलेलं पुस्तक पहाटे साडेचारला दिलेलं दिसतं.

मग कोहाचं पॅकेज-भांडार (जिथून सॉफ्टवेअर उतरतं ती जागा) यंत्राच्या यादीत जोडायचं. तिथे 'स्टेबल' हा शब्द लिहू नका, '२४.११' यासारखा नेमका आवृत्तीचा आकडा लिहा. 'स्टेबल' लिहिलं तर दर सहा महिन्यांनी एखाद्या बेसावध सकाळी अख्खी आवृत्ती बदललेली दिसते. त्यानंतर मारियाडीबी हा डेटाबेस आणि 'कोहा-कॉमन' हे पॅकेज बसवायचं. कोहाला लागणारी बाकीची सॉफ्टवेअरं, म्हणजे अपॅची (वेबपानं पुरवणारं), पर्ल, झेब्रा (शोधाचं), मेमकॅश्ड, सगळं त्याच्या मागोमाग येतं. अपॅचीची रीराइट, सीजीआय, हेडर्स आणि प्रॉक्सी-एचटीटीपी ही मॉड्यूलं सुरू करा. 'कोहा-साइट्स डॉट कॉन्फ' या फाइलीत आपलं डोमेन लिहा, आणि 'कोहा-क्रिएट'ला 'क्रिएट-डीबी' हा पर्याय देऊन वाचनालयाच्या छोट्या नावाने कोहाची एक प्रत उभी करा. शेवटी 'कोहा-प्लॅक' सुरू करा. ते नसलं तरी कोहा चालतं, पण इतकं संथ की लोक सर्व्हरला नावं ठेवतात.

पुढचं सगळं ब्राउझरमध्ये. पहिल्या प्रवेशाचा पासवर्ड 'कोहा-पासवर्ड' ही आज्ञा दाखवते (रोमनमध्ये तिचं शेवटचं स्पेलिंग आखूड आहे). तिथे मार्क २१ की युनिमार्क असा प्रश्न येतो. हे पुस्तकांच्या नोंदी लिहिण्याचे दोन ठरलेले साचे आहेत. मार्क २१ निवडा, हा निर्णय नंतर फिरवता येत नाही. ग्रंथपालांचं स्वतंत्र खातं तयार झालं की पहिलं डेटाबेसचं खातं रोजच्या कामाला वापरू नका.

आमच्याकडे तांत्रिक माणूस नाही. हॅकिंगची भीती वाटते.

भीती रास्त आहे, पण उपाय थोडे आणि ठरलेले आहेत. सर्व्हरवर पासवर्डने प्रवेश बंद करून फक्त एसएसएच किल्लीने (आपल्या संगणकात ठेवलेल्या गुप्त फाइलीने) ठेवा. फायरवॉलमध्ये २२, ८० आणि ४४३ एवढीच दारं, म्हणजे पोर्ट, उघडी ठेवा. कर्मचाऱ्यांचा पडदा वेगळ्या पोर्टवर असेल तर तेवढं एक आणखी. सुरक्षेचे अपडेट आपोआप बसतील असं करा. कोहाच्या २२.०५ पासून कर्मचाऱ्यांच्या खात्याला दुहेरी पडताळणी लावता येते, ती लावाच. मी पाहिलेल्या गोंधळांपैकी जवळजवळ सगळे काउंटरच्या काचेला चिकटवलेल्या पासवर्डच्या चिठ्ठीतून झाले.

वाचनालयाचं स्वतःचं नाव पत्त्यात हवं. आणि ते 'सुरक्षित नाही' असं येतं ते कसं घालवायचं?

डोमेन घ्या, त्याच्या ए-नोंदीत (नाव कुठल्या यंत्राचं ते सांगणाऱ्या ओळीत) सर्व्हरचा आयपी पत्ता, म्हणजे आकड्यांतला पत्ता, लिहा. दोन उपपत्ते करा, एक वाचकांच्या तालिकेसाठी, एक कर्मचाऱ्यांसाठी. मग सर्टबॉट हा प्रोग्रॅम चालवला की लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं सुरक्षा-प्रमाणपत्र फुकट मिळतं. ते ९० दिवसांचं असतं आणि सर्टबॉट त्याचं नूतनीकरण स्वतः करतं. फक्त पोर्ट ८० कुणी 'जास्त सुरक्षित' म्हणून बंद केलं की बऱ्याचदा ते नूतनीकरण अडतं, हे लक्षात असू द्या.

'.भारत' हे देवनागरी डोमेनही मिळतं. मला त्याचं फार अप्रूप आहे, फलकावर शोभतं. पण सोबत एक रोमन पत्ता ठेवा, कारण फोनवर पत्ता सांगायचा असतो.

मराठी पुस्तक भरलं, तरी शोधल्यावर सापडत नाही. असं का?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा येतो, आणि उत्तर तीन थरांत आहे.

पहिला थर झेब्राचा. शोधाची अनुक्रमणिका बांधणाऱ्या या इंजिनाची मूळ मांडणी रोमन लिपी धरून केलेली आहे, देवनागरी शब्द तिला नीट तोडता येत नाहीत. झेब्राच्या संरचनेत 'डिफॉल्ट डॉट आयडीएक्स' ही फाइल आहे. तीत शब्द आणि वाक्यांशांसाठी 'चारमॅप' असं लिहिलेल्या ओळी 'आयसीयूचेन'वर (सगळ्या लिप्या ओळखणाऱ्या पद्धतीवर) न्यायच्या, झेब्रा पुन्हा सुरू करायचं आणि 'कोहा-रीबिल्ड-झेब्रा'ने अनुक्रमणिका पूर्ण नव्याने बांधायची. हे काम पुस्तकं भरण्याआधी करा. झेब्राऐवजी इलॅस्टिकसर्च हे शोध-इंजिन हा दुसरा मार्ग आहे, पण त्याला मेमरी पुष्कळ लागते. लहान वाचनालयाला मी तो सुचवत नाही.

दुसरा थर आपल्या लिपीचा. डोळ्यांना सारखं दिसणारं अक्षर संगणकाला सारखं असेलच असं नाही. 'ॲ' घ्या. २००८ साली युनिकोड (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना ठरलेले आकडे देणारी पद्धत) ५.१ मध्ये त्याला स्वतंत्र जागा मिळाली. त्याआधीपासून अनेक जण 'अ' टाइप करून वर चंद्र देतात, आणि आजही कित्येक कळफलक तसंच करतात. पडद्यावर दोन्ही 'ॲड.' सारखेच, आत मात्र वेगळे. 'वाऱ्या'मधल्या ऱ्याचंही तेच. काही कळफलक 'ऱ' हे वेगळं अक्षर वापरतात, काही साधा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. एका वाचनालयात एका लेखकाची पुस्तकं दोन नावांखाली विभागली गेली होती, कारण सकाळच्या आणि संध्याकाळच्या पाळीचे कळफलक वेगळे होते. दोघांचंही लिहिणं शुद्ध होतं!

यावर उपाय म्हणजे वाचनालयात सगळ्यांनी एकच कळफलक वापरायचा. इनस्क्रिप्ट वापरा असं मी सांगतो, तो विंडोज, लिनक्स आणि अँड्रॉइड तिन्हीकडे आहे. 'ॲ' आणि 'ऱ' ही स्वतंत्र अक्षरंच घ्यायची असा नियम लिहून संगणकाशेजारी लावा. आधीच भरलेल्या नोंदी एकदा निर्यात करून शोधा-बदला करता येतात.

तिसरा थर शुद्धलेखनाचा. जुन्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर 'कांहीं', 'गाणीं' असं अनुस्वारयुक्त छापलेलं असतं, वाचक शोधतो 'काही' आणि 'गाणी'. शीर्षक मार्क नोंदीतल्या २४५ या क्षेत्रात पुस्तकावर आहे तसंच ठेवा, ती त्या पुस्तकाची ओळख आहे. आजच्या लेखनातलं रूप २४६ मध्ये, पर्यायी शीर्षकाच्या जागी भरा. मग दोन्ही शोधांना पुस्तक सापडतं. थोडं जास्तीचं काम आहे, पण १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीचं पुस्तक हाती असलं की मी ते टाळत नाही.

मराठी पुस्तकांच्या तयार नोंदी कुठून मिळतात का?

इंग्रजी पुस्तकांच्या झेड३९.५० ने (दुसऱ्या ग्रंथालयांच्या तालिकेतून नोंदी उतरवण्याच्या सोयीने) मिळतात, आयएसबीएन टाकला की झालं. मराठीच्या थोड्या मिळतात. लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे मराठी पुस्तकं पुष्कळ आहेत, पण त्यांच्या नोंदी बहुतांशी रोमन लिप्यंतरात आहेत. आपल्या वाचकाला त्या कामाच्या नाहीत. बहुतेक नोंदी आपल्यालाच करायच्या आहेत असं धरा. म्हणूनच शेजारच्या वाचनालयाने केलेल्या नोंदी मागून घ्या आणि आपल्या त्यांना द्या. कोहातून निर्यात केलेली मार्क फाइल पेनड्राइव्हवर जाते.

आमची जुनी यादी एक्सेलमध्ये आहे, पण श्रीलिपीत टाइप केलेली.

आधी ती युनिकोडमध्ये आणावी लागेल. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव या फाँटांत आत रोमन चिन्हंच असतात, फक्त चेहरा देवनागरी. परिवर्तक मिळतात, पण रफार, जोडाक्षरं आणि ऱ्हस्व इकार यांत चुका राहतात. रूपांतरानंतर डोळ्यांखालून घालणारं माणूस हवंच, आणि मराठी वाचणारा निवृत्त शिक्षक या कामाला सोन्यासारखा.

नंतर मार्कएडिट या प्रोग्रॅमने एक्सेलचे रकाने मार्क क्षेत्रांना जोडायचे. लेखक १००, शीर्षक २४५, भाषेचा संकेत 'एमएआर', आणि दाखल क्रमांक, किंमत, कपाट हे सगळं ९५२ मध्ये. पहिली आयात पन्नास पुस्तकांचीच करा. पन्नास नोंदी पुसणं सोपं, पंधरा हजार पुसताना हात कापतात.

खरं तर पाच हजारांच्या आतला संग्रह असेल, तर जुनी यादी बाजूला ठेवून पुस्तक हातात घेऊन नवीन नोंद करा. एक माणूस दिवसाला साठ-सत्तर पुस्तकं करतो. त्या निमित्ताने हरवलेली कळतात, वाळवी लागलेली वेगळी होतात, आणि यादीत वर्षानुवर्षं चालत आलेल्या चुका पुढे जात नाहीत.

दाखल नोंदवही बंद करता येईल का?

मी तरी करू देत नाही. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली तुम्ही अनुदान घेता. तपासणीला येणारे अधिकारी वही मागतात, आणि शिक्क्याची वही हा पुरावा आहे. कोहातला दाखल क्रमांक वहीतलाच ठेवा, म्हणजे दोन्ही कायम जुळतील. देवघेवीची वही मात्र सहा महिन्यांनी हळूहळू सोडता येते.

बारकोडचं यंत्र लावलं तर भलतीच अक्षरं उमटतात.

कळफलक मराठीवर राहिलाय. बारकोड वाचक स्वतःला कळफलकच समजतो, त्यामुळे बारकोडातल्या रोमन अक्षरांची देवनागरी होते. देवघेव करताना कळफलक इंग्रजीवर ठेवा.

मुदत संपल्याचे संदेश सभासदांना पाठवता येतील?

ईमेल सहज पाठवता येतात. 'कोहा-ईमेल-एनेबल' चालवा. पण बहुतेक क्लाउड कंपन्या पोर्ट २५ बंद ठेवतात, म्हणून ईमेलसेवेच्या ५८७ पोर्टमार्फत पाठवा.

एसएमएससाठी मात्र ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमांप्रमाणे डीएलटी या नोंदणी-व्यवस्थेवर संस्थेची, शीर्षनावाची आणि प्रत्येक मजकुराच्या नमुन्याची नोंदणी लागते. कागदपत्रं आणि शुल्क दोन्ही आहेत. तीनशे सभासदांच्या वाचनालयाने यात पडू नये. संध्याकाळी उशीर झालेल्यांची यादी छापून दोन फोन केले तर पुस्तक लवकर परत येतं.

बॅकअप कोहा स्वतः घेतं ना?

रोज रात्री घेतं, पण त्याच सर्व्हरवर ठेवतं आणि मूळ मांडणीत दोनच दिवसांचे टिकवतं. यंत्र गेलं की बॅकअपही गेला. म्हणून रोज पहाटे ती फाइल दुसऱ्या कंपनीच्या साठवणीत किंवा वाचनालयातल्या संगणकावर उतरली पाहिजे. महिन्यातून एक प्रत पेनड्राइव्हवर घालून सचिवांच्या घरी.

आणि परत उभं करून बघा. वर्षातून एकदा तासाभरासाठी दुसरं यंत्र भाड्याने घ्या, 'कोहा-रिस्टोर' चालवा, चार पुस्तकं शोधा, एका सभासदाचं खातं उघडा. दहा-वीस रुपयांत होतं. ते करेपर्यंत मी कुठल्याही बॅकअपला बॅकअप म्हणत नाही.

नवीन आवृत्ती आली की लगेच घ्यायची का?

कोहाची मोठी आवृत्ती मे आणि नोव्हेंबरमध्ये येते, मधे दर महिन्याला दुरुस्त्या येतात. दुरुस्त्या घेत राहा. मोठ्या उडीआधी सर्व्हरचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची अख्ख्या यंत्राची नक्कल) काढा, कारण डेटाबेसची रचना पुढे गेली की मागे आणता येत नाही. वार्षिक पुस्तकमोजणीच्या आठवड्यात काहीही बदलू नका.

काही दिवसांपासून रात्री सर्व्हर गुदमरतो. वाचक तर झोपलेले असतात.

यंत्रमानव जागे असतात. तालिकेतली प्रत्येक शोध-जोडणी उघडत बसणारे बॉट अलीकडे फार वाढले आहेत. लहान सर्व्हरला एका मिनिटात काही शे शोध झेपत नाहीत. बॉटना काय उघडू नये ते सांगणाऱ्या 'रोबोट्स डॉट टीएक्सटी' या फाइलीत शोधाची पानं वर्ज्य करा, पुस्तकांची पानं खुली ठेवा. जे ऐकत नाहीत त्यांना अपॅचीतच अडवा. अपॅचीची नोंदफाइल एकदा शांतपणे वाचली की कोण येतंय ते दिसतं.

सभासदाचा आधार क्रमांक भरायचा का?

नाही. पत्त्याचा पुरावा पाहा, पाहिल्याची खूण करा, क्रमांक भरू नका. नाव, पत्ता, फोन, अनामत एवढं पुरे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ साली झाला आहे, पण तो नसता तरी मी हेच सांगितलं असतं. परत आलेल्या पुस्तकांचा वाचन-इतिहास पुसून टाकण्याची सोय कोहात आहे, ती चालू ठेवा. कोण काय वाचतं ते वाचनालयाबाहेर कुणाला कळता कामा नये. विशेषतः लहान गावात.

वीज गेली तर?

फोनचा हॉटस्पॉट, आणि लॅपटॉपची बॅटरी आहे तोवर काम. तीही संपली तर वहीत सभासद क्रमांक, दाखल क्रमांक आणि वेळ लिहा, वीज आली की भरा.

कोहाचे पडदे मराठीत दिसतात का? काही शब्द खटकतात.

दिसतात. 'कोहा-ट्रान्सलेट' या आज्ञेने मराठी बसवा आणि मग प्रणाली-पसंतीत ती चालू करा. भाषांतर अपुरं आहे, मधेच इंग्रजी ओळी येतात, आणि काही शब्द आपल्या काउंटरवर कुणीच बोलत नाही. ते बदलता येतात. कोहाचं भाषांतर वेबलेट या भाषांतराच्या संकेतस्थळावर खुलं आहे, खातं उघडून कुणीही सुचवू शकतं, प्रोग्रॅमिंग यावं लागत नाही. तुमच्याकडे 'सभासद' म्हणतात की 'वाचक', 'देवघेव' की 'दिले-घेतले', 'अनामत' की 'ठेव', हे तीस वर्षं काउंटरवर बसलेल्या ग्रंथपालाइतकं कुणाला माहीत नाही. वाचकांच्या शोधपानापासून सुरुवात करा, रोज दहा ओळी.